माघारभाऊ

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध गचकन थांबली, तेव्हा तीन वाजायला थोडाच वेळ उरला होता. भाऊंच्या हातात माघारीचा अर्ज होता आणि शेजारी बायको. वर, तिसऱ्या मजल्यावर, निवडणूक अधिकारी बसले होते. तीनच्या ठोक्याला माघारीची मुदत संपणार होती.

"आता हो?" बायकोने विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझ्या भावाला विचार. त्यानेच बसवलीय ही लिफ्ट."

"आणि कंत्राट कुणी मिळवून दिलं त्याला? मी?"

मागच्या खेपेला भाऊंनी माघार घेतली, तेव्हा पक्षाने बदल्यात मेहुण्याला या इमारतीच्या लिफ्टचं कंत्राट दिलं होतं. त्याच्या आधीच्या माघारीत धाकट्या मुलाचा पेट्रोल पंप आला. मोठ्याची नोकरी त्याच्याही आधीची.

भाऊंचं सगळं राजकारण असंच उभं राहिलं होतं. दर निवडणुकीला पक्ष तिकीट दुसऱ्याला द्यायचा. भाऊ बंड करायचे, अर्ज भरायचे, दोन-चार सभांत टेबल बडवायचे आणि शेवटच्या दिवशी पक्षहितासाठी डोळे पुसत अर्ज मागे घ्यायचे. इतक्या वर्षांत त्यांना एकही मत पडलं नव्हतं, कारण मतदानापर्यंत ते टिकलेच नव्हते. लोक त्यांना माघारभाऊ म्हणायचे. भाऊंना त्याचं काही वाटत नसे. "पडणाऱ्याला कुत्रं विचारत नाही," ते म्हणायचे, "बसणाऱ्याला सगळे विचारतात."

यंदा निवडणूक विधानसभेची होती आणि माघारीचा सौदा सगळ्यांत गोड होता. विधान परिषद! सहा वर्षं आमदारकी, आणि मतं मागत कुणाच्या दारात उभं राहायला नको. विरोधी पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज सही विसरल्यामुळे आधीच बाद झाला होता. अपक्षांची समजूत काढून झाली होती. मैदानात उरले होते दोघंच. पक्षाचे अधिकृत उमेदवार डॉक्टर, आणि बंडखोर भाऊ. भाऊ बसले की डॉक्टरांचा रस्ता मोकळा.

भाऊंनी धोक्याची घंटा दाबली. ती वाजली, पण फक्त आत.

"फोन लावा ना अध्यक्षांना."

"रेंज नाही. तिकडे ते माझ्या नावाने जप करत असतील."

"मी म्हणते, नाहीतरी अडकलोच आहोत, तर एकदा लढूनच बघा की."

"लढू?" भाऊ दचकले. "आणि लोकांसमोर कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तेही खरंच. तुम्ही भाजी आणायला गेलात तरी पिशवी रिकामी आणता आणि म्हणता, भाजीवाल्याशी समझोता झाला."

बाहेर धावपळ ऐकू आली. कुणीतरी पहार घालून तिसऱ्या मजल्याचं दार वीतभर फाकवलं. भाऊंनी बायकोच्या गुडघ्यावर पाय दिला, "आई गं" ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, आणि फटीतून डोकं वर काढलं. नाकासमोर निवडणूक अधिकाऱ्यांचे बूट होते.

"साहेब! माघारीचा अर्ज! घ्या लवकर!"

अधिकारी उकिडवे बसले. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग भाऊंकडे. "भाऊ, आधी जरा ऐका तर..."

"काही ऐकायचं नाही मला! अर्ज घ्या!"

"नियमाप्रमाणे उमेदवार कार्यालयात हजर पाहिजे. तुमचं फक्त डोकं हजर आहे."

"तेवढं पुरे की!"

"आजवर तेही लागलं नव्हतं," खालून बायको म्हणाली.

भाऊंनी खांदा रेटला. सदऱ्याची बाही टरकली. एक हात बाहेर आला, दुसरा अर्जासकट आतच राहिला. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाने तीन ठोके दिले. शिपायाने कार्यालयाचं दार लावून घेतलं.

पाच मिनिटांनी लिफ्ट आपोआप वर आली, जणू काही झालंच नव्हतं. भाऊ बाहेर येऊन थेट फरशीवर बसले. विधान परिषद गेली. आता उन्हातान्हात गल्लीबोळ, हात जोडणं, आणि शेवटी मतं मोजणार तीही लोकांसमोर! तोच फोन वाजला. पक्षाध्यक्ष.

"साहेब, मी येतच होतो हो, पण..."

"बस झालं, भाऊ! मानलं तुम्हाला!" अध्यक्षांचा आवाज पार उतरला होता. "ऐन वेळी फोन बंद करून बसलात. असले डाव आम्हालाही जमले नाहीत कधी. शेवटी घरातल्या घरात लढत नको म्हणून तुम्हाला कबूल केलेली विधान परिषद डॉक्टरांना दिली, तेव्हा कुठे ते बसले. तीनला पाच मिनिटं असताना अर्ज मागे घेऊन गेले. आता तुम्हीच आमचे. सांभाळून घ्या."

भाऊंना काही कळेना. त्यांनी अधिकाऱ्यांकडे बघितलं.

"तेच सांगत होतो मघाशी," अधिकारी म्हणाले. "मैदानात दुसरं कुणी उरलेलंच नाही. बिनविरोध आलात. अभिनंदन, आमदारसाहेब!"

कुठून कुठून माणसं धावत आली. कुणी हार घातला, कुणी खांद्यावर उचललं, कुणी ओरडलं, "झुकला नाही, भाऊ झुकला नाही!" बायको पदराने डोळे टिपत होती. इतक्या वर्षांत नवऱ्याकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं. भाऊ मात्र शांत होते. गंभीर होते. आमदारकीची जबाबदारी चेहऱ्यावर उतरली, असं लोकांना वाटलं.

गर्दी जरा हटल्यावर त्यांनी अधिकाऱ्यांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "साहेब, आमदारकीचा राजीनामा कुणाकडे द्यायचा असतो?"

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. "आत्ताच?"

"छे हो, इतक्यात कशाला? नुसती सही करून ठेवतो."