पहारा

फौजेतून रिटायर होऊन योगीराज ताडकळसला आला, तेव्हापासून राजेश्रीच्या मागचा पहारा काही सुटेना. गावात बाप्यानं पुढं अन् बाईनं मागं चालायची रीत. हा मात्र शेतात जातानाही बायकोला पुढं करायचा आणि मान खाली घालून तिच्या मागं मागं चालायचा. "सतरा वर्सं बाहीर राह्यला गं, आता राखण करायलाय तुझी," म्हणत शेजारची दगडाबाई पदराआड हसली, तेव्हा राजेश्रीच्या जिवाला इंगळ्या डसल्या. कुणी भरले असतील ह्यांचे कान?

त्या दिवशी ती मुद्दाम पाऊलवाट सोडून पाणी दिलेल्या काळ्या रानात शिरली, आडवीतिडवी चालली आणि बांधावर पोचताच गर्रकन वळली.

"एवढा संशव हाय तर तोंडावर बोला की! मी कुणाला भेटते, त्येच बघायलाव ना?"

योगीराज घामानं निथळत होता. तो तिच्याकडं नाही, खाली बघत होता. तिनंही बघितलं. चिखलातून दोघं आली होती, पण माग एकाच माणसाचा होता. तिच्या प्रत्येक पावलावर त्याचं पाऊल.

"सरहद्दीवर सुरुंग असायचे," तो पुटपुटला. "पुढच्याच्या पावलावरच पाय ठेवायचा. माझ्या मागच्यानं एकदाच बाजूला ठेवला. तवापासून कोऱ्या मातीवर पाय टाकायचा धीरच व्हईना."

 

दुसऱ्या दिवशी राजेश्री आपणहून पुढं झाली आणि पावलं जरा लांब लांब टाकू लागली, त्याला पुरतील अशी.