राजवाड्यातला नवस

"आजी, हा तिकिटाचा कार्यक्रम आहे. नवसाबिवसाचा नाही," कार्यक्रमाचा व्यवस्थापक रविराज दरबाराच्या दारात हात आडवा धरून म्हणाला.

"मग आमी काय फुकट आलोय व्हय? ही बघ तिकिटं," छबूबाईने मुठीतले कागद त्याच्यापुढे नाचवले. "खुर्च्या आमच्या कुनालाबी दे. आमी खाली बसतो. पन आजचं कीर्तन माज्या नवसाचं म्हना, येवढंच."

नीलांबरी आतल्या खोलीत चिपळ्यांची दोरी घट्ट करत होती. तिच्या कानावर हे बोलणं पडलं. संस्थानिकांचा हा राजवाडा सरकारजमा झाला, बरीच वर्षं कुलपात पडून राहिला आणि आता डागडुजी होऊन सांस्कृतिक केंद्र झाला होता. झुंबरं पुन्हा लागली होती. राणीवशातल्या बायका ज्या जाळीआडून कीर्तन ऐकायच्या, तिथे दिवे बसले होते. दरबारालगतच्या देवघरातला विठ्ठल तेवढा काचेआड गेला होता. फुलं वाहू नयेत, अशी तिथे पाटी होती. आज कितीतरी वर्षांनी इथे कीर्तन उभं राहणार होतं आणि तो मान नीलांबरीला मिळाला होता.

ती बाहेर आली. म्हातारीच्या हातात झेंडूचा हार आणि बुक्क्याची पुडी होती. तिच्यामागे तिचे पती छगनराव टोपी हातात घेऊन उभे होते.

"कुठून आलात, मावशी?"

"काष्टीहून. ताई, माजा ल्योक कल्यान हितल्या दवाखान्यात निपचित पडला हुता. मोटारसायकलवरनं पडला हुता. तवा ह्यो वाडा उघडा असायचा, देवाला दिवा लागायचा. म्या पळत आले न् देवाला म्हनले, माजं येवढं ऐक, तुज्याम्होरं कीर्तन करीन. त्यानं ऐकलं, ताई. पन लगीच वाड्याला कुलूप लागलं. जीव नुसता टांगनीला लागला हुता बगा. देवाचं अंगावर ठिवून मरायचं कसं?"

नीलांबरीच्या अंगावर काटा आला. "रविराज, मध्यंतराला मला हार आज या घालतील."

"ताई, तो मान प्रमुख पाहुण्यांचा आहे…"

"पाहुण्यांना नंतर शाल द्या. नवसाच्या कीर्तनात हार यजमानाचा असतो."

पूर्वरंग छान रंगला. तबलजीचा हात खुलला होता. नामाच्या गजराला खुर्च्यांवरची माणसंसुद्धा टाळ्यांचा ठेका धरू लागली. मध्यंतराला छबूबाई उठली. तिने नीलांबरीच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि काचेकडे तोंड करून हात जोडले. तिचे ओठ हलत होते. जागेवर परतताना तिची चाल हलकी झाल्यासारखी वाटली.

उत्तररंगासाठी नीलांबरीने दुसरंच आख्यान बसवून आणलं होतं. ते तिने बाजूला ठेवलं. मरणाच्या दारातून बाळाला माघारी आणणाऱ्या आईची कथा तिने घेतली. शब्द आपोआप येत होते. असा दिवस कीर्तनकाराच्या वाट्याला क्वचित येतो. बोलता बोलता ती थांबली आणि तिने खाली बसलेल्या छबूबाईकडे हात केला.

"मंडळी, ही झाली पुराणातली आई. पण तिला शोधायला पुराणात कशाला जायचं? ती इथेच, सतरंजीवर बसली आहे! हिचा लेक मरणाच्या दारात होता. ही याच विठ्ठलापाशी धावत आली. आणि देवानं तो लेक हिच्या ओटीत परत टाकला!"

दरबार टाळ्यांनी दणाणला. छबूबाईचा हात अर्धवट वर आला आणि तसाच खाली गेला. कीर्तन उभं असताना मधे बोलायचं नसतं. तिने मान खाली घातली. छगनराव मात्र उठले आणि टोपी डोळ्यांना लावत बाहेर गेले. आनंद मावेना म्हाताऱ्याच्या पोटात, असं नीलांबरीला वाटलं. तिचा स्वर आणखी चढला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. प्रमुख पाहुणेही रुमाल शोधू लागले.

आरती झाली. माणसं पाया पडायला पुढे आली. छबूबाई सगळ्यांच्या शेवटी आली. ती वाकली तशी नीलांबरीने तिला वरच्या वर धरलं आणि मिठी मारली. पदराला लावलेला माईक काढायचा राहून गेला होता.

"मावशी, कल्याण कुठं आहे? का घरीच ठेवलात त्याला? पुढं बोलवा, लोकांना बघू द्या तरी!"

निघालेली माणसं वळून उभी राहिली. कुणी मोबाईल वर धरले. छबूबाई गोंधळली. तिने आधी दाराकडे, मग काचेआडच्या देवाकडे पाहिलं. मग नीलांबरीचा हात हातात घेऊन, लहान पोराला समजवावं तशी ती हळू बोलली. पण तिचा शब्द न् शब्द साऱ्या दरबारात ऐकू गेला.

"रागावू नका, ताई. तुमी उभ्या हुत्या म्हनून बोलले न्हाई. कल्यान त्याच दिशी गेला. डाक्टरनी सकाळीच सांगितलं हुतं, काय राहिलं न्हाई म्हनून. जे हुनार न्हाई ते देवाला कसं मागायचं? म्या म्हनले, जाताना येकडाव डोळं उघडू दे, मला 'आये' म्हनू दे. तेवढं म्हनला, न् गेला."