टेपखालचा जोड

"झालं!" भाऊजींनी हेडफोनच्या वायरवर काळ्या टेपचा शेवटचा वेढा मारला आणि सुरुंग शोधायचं यंत्र मेव्हणीकडे सरकवलं. "आता जमिनीतली टाचणीसुद्धा ऐकू येईल तुला."

मेव्हणीने हेडफोन कानाला लावून यंत्राची तबकडी टेबलावरच्या पान्यावरून फिरवली. शिटी वाजली. सुरुंग काढणाऱ्यांच्या त्या छावणीत हे एकच यंत्र बिघडलं होतं, आणि उद्या सकाळी तिला तेच घेऊन ओढ्यापलीकडच्या जमिनीत उतरायचं होतं; म्हणून रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेल्या भाऊजींना तिने बोलावून घेतलं होतं.

"डाग दिलात ना, भाऊजी?"

"अगं, रेडिओ दुरुस्त करता करता केस पिकले माझे. तू मला विचारणार?"

हे काही उत्तर नव्हतं. कथलाचा डाग देऊन तारा पक्क्या जोडायच्या तर डाग द्यायची कावी तापवा, पिनेजवळचा मोडका तुकडा कापून टाका, नवी पिन लावा. भाऊजींनी नुसत्या तारा पिळल्या होत्या. त्यांच्या दुकानात पहिल्या खेपेला टेपच मिळायची; नीट काम गिऱ्हाईक परत आलं की. आणि गिऱ्हाईक परत येतंच, हा त्यांचा आजवरचा अनुभव.

"मग चला," ती म्हणाली. "आमच्यात रीत आहे. यंत्र ज्याने उघडलं, त्यानेच ते घेऊन आधी पट्टीवर चालायचं."

"मी?"

"घाबरू नका. साफ केलेली पट्टी आहे, तपासणीची. मधे एक रिकामा डबा पुरलाय मी. वाजलं की थांबायचं."

थांब, जरा कावी तापवतो, एवढं म्हणायला अजून वेळ होता. पण मेव्हणीपुढे माघार घ्यायची म्हणजे सासुरवाडीला वर्षभराची करमणूक. भाऊजी उठले.

पट्टी तंबूंच्या मागे होती, दोन दोऱ्यांच्या मधे. दोऱ्यांना लाल खुंट.

"खुंटापलीकडे मात्र पाय टाकू नका," मेव्हणी सहज म्हणाली. "तिकडे अजून कुणी गेलेलं नाही आमच्यातलं."

तिने यंत्राची पेटी त्यांच्या कमरेला बांधली आणि वायर पाठीवरून वळवून कानांपर्यंत नेली. टेबलावर वायर सरळ पडून होती; आता जोडाजवळ ती वाकली.

पहिल्या चार पावलांना भाऊजींनी मागे वळून डोळाही मिचकावला. मग कानांतली शांतता जाड व्हायला लागली. वाजत नाही म्हणजे जमीन साफ. की वाजत नाही म्हणजे... जन्मभर लोकांच्या रेडिओची खरखर घालवणाऱ्या माणसाचा जीव आता एवढ्याशा खरखरीसाठी कासावीस झाला. घामाने यंत्राची मूठ हातातून निसटू लागली. रिकामा डबा, रिकामा डबा, असं घोकत ते तबकडी डावी-उजवीकडे फिरवत राहिले. मान अवघडली होती, पण हलवायचा धीर होईना.

"थांबा!"

ते जागच्या जागी थिजले.

"वाजलं काही?"

"छे गं. काही नाहीच इथे."

"डाव्या टाचेखाली बघा."

त्यांनी फक्त डोळे खाली नेले. टाचेखालची माती दबली होती आणि तिच्यातून गंजक्या झाकणाची कड वर आली होती. त्यांनी तबकडी बुटाला भिडवली. कानांत काही नाही. अजून टेकवली. काही नाही.

"पाय उचला, भाऊजी. रिकामाच आहे तो."

"माहितेय," ते म्हणाले.

पाय उचलला नाही.

"अहो, उचला ना! मीच पुरलाय म्हटलं ना?"

त्यांनी नुसती मान डोलावली. मानेबरोबर पाठीवरची वायर हलली, टेपखालच्या तारा पुन्हा भिडल्या, आणि दोन्ही कानांत शिटी किंचाळली.