तोंडी परीक्षेची दहा मिनिटं

काकूंनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि रुमालाने तळहात पुसले. समोर मॅडम गुणपत्रिका घेऊन बसल्या होत्या. दार लोटलेलं होतं आणि बाहेर पुढचा विद्यार्थी क्रियापदं घोकत होता.

वर्गातली बाकीची मुलं विशीतली, म्हणून या सगळ्यांच्या काकू. आज अरबीच्या दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. अरबी ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाशी फोनवर दहा मिनिटं बोलायचं, आणि परीक्षकाने मध्ये तोंड उघडायचं नाही, असा नियम. माणूस मॅडम शोधून देत. काकूंनी मात्र आपला माणूस स्वतःच आणला होता. "ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ आहेत, मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

प्रश्नही वहीत लिहून आधी दाखवले होते. मॅडमनी ते तपासले होते, वाचले नव्हते. 'माझे पती कसे वारले, हे आपण मला सांगाल का?' या प्रश्नासमोर लाल शाईत शेरा होता, 'छान वाक्य'.

फोन उचलला गेला. पलीकडून थकलेला, घोगरा आवाज आला.

"मी आपल्या वाहनचालकाची पत्नी बोलत आहे," काकू अरबीत म्हणाल्या. शब्द न् शब्द स्पष्ट, शेवटचा स्वरसुद्धा जागच्या जागी. "माझे पती कसे वारले, हे आपण मला सांगाल का?"

मॅडमचं पेन थांबलं. या बाईने दोन वर्षांत एक तास बुडवला नव्हता, आणि ते कशासाठी हे आपण एकदाही विचारलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

नवरा अकरा वर्षं परदेशात या म्हाताऱ्याच्या घरी ड्रायव्हर होता. तीन वर्षांपूर्वी तिकडेच गेला. आलेल्या कागदावर एकच ओळ होती, हृदय बंद पडल्याने मृत्यू. हृदय तर शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. त्यापलीकडचं सांगणारा हा एकच माणूस, आणि त्याला अरबीशिवाय काही येत नव्हतं. दुभाषी मिळाला असता, पण हे तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही, असं काकूंच्या मनाने घेतलं होतं.

अडचण एकच होती. विद्यापीठात शिकवतात ती पुस्तकातली, बातम्यांतली अरबी. घरात तशी कोणी बोलत नाही. पहिल्याच तासाला मॅडम हे हसत हसत सांगायच्या, "तुम्ही बोलाल ते समोरच्याला कळेल. तो बोलेल ते तुमच्या डोक्यावरून जाईल." वर्ग हसायचा. काकूही हसल्या होत्या.

म्हातारा बोलायला लागला तो थांबेचना. शब्द एकमेकांत घुसत होते, मध्येच रडणं, मध्येच खोकला. काकूंनी जिवाचा कान केला. एक शब्द हाती यायचा, पुढचे दहा निसटायचे.

मॅडमना त्याचं सगळं बोलणं कळत होतं: सकाळपासून छातीत दुखतंय म्हणत होता तो. मला वाटलं, पाहुण्यांना आणायला जायचं टाळतोय. मी अंगावर ओरडलो. तो गेला. पाहुण्यांना घेऊन आला, त्यांच्या बॅगा वरच्या मजल्यावर नेऊन ठेवल्या आणि गाडीत जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत कोणी त्याच्याकडे फिरकलं नाही. तीन वर्षं झाली, मी त्या गाडीत बसलेलो नाही. मला माफ कर, पोरी. मला माफ कर.

शेवटचे शब्द त्याने दोनदा म्हटले, सावकाश. ते काकूंना कळले. पाचव्या धड्यात होते ते, उत्तरासकट. शंभर वेळा घोकलेलं उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"काही हरकत नाही."

पलीकडे म्हातारा हमसून हमसून रडायला लागला. देव तुझं भलं करो, देव तुझं भलं करो, असं म्हणत राहिला आणि मग फोन बंद झाला.

मॅडम गुणपत्रिकेवरचे रकाने बघत राहिल्या. उच्चार, शब्दसंपत्ती, आकलन.

"मॅडम, काय म्हणाले ते?" काकूंनी विचारलं. "फार भरभर बोलत होते हो."

तोंडी परीक्षा संपली होती, आता बोलायला नियमाची आडकाठी नव्हती.

"झोपेत गेले म्हणाले. काहीच त्रास झाला नाही."

काकूंनी मान हलवली. पर्स जवळ ओढली, पण उठल्या नाहीत. बाहेरच्या मुलाने दारावर टकटक केली, तिकडेही त्यांनी पाहिलं नाही.

"मला थोडेच शब्द कळले, मॅडम," त्या म्हणाल्या. "छाती. पाहुणे. बॅगा. गाडी. झोप कुठेच आली नाही. झोप आपल्याला पहिल्या वर्षाला होती."

मॅडमनी गुणपत्रिका उलटी करून ठेवली.

"त्यांनी माफी मागितली, तेही कळलं. आणि मी म्हटलं, काही हरकत नाही." काकूंनी पर्स पुन्हा बाजूला ठेवली. "मी नेमकं कोणत्या गोष्टीला 'काही हरकत नाही' म्हटलं, तेवढं मला सांगा."