बुडापेस्टमधली बाकडी

आष्टीत रुबीना ज्या वेगाने चालत असे, त्याच्या जेमतेम निम्म्या वेगाने ती बुडापेस्टमध्ये चालत होती, आणि तिथून पाठवलेल्या प्रत्येक व्हिडिओत ती थोडे चालून एखाद्या बाकड्यावर बसत होती.

मे महिना लागल्यापासून असा एक व्हिडिओ रोज येत होता. त्याला नाव तिनेच दिले होते: उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथले लोक कुठे जातात. बसस्थानकासमोर फळांचा गाडा लावणारे तिचे वडील चाँदभाई तो सकाळी खरबुजे मांडताना पाहत आणि आई हाफिजा डबा घेऊन आली की दोघे मिळून पुन्हा पाहत. नदीकाठचा रस्ता झाला होता. ट्रामने गाठायचे, मोटारी नसलेले बेट आणि त्यावरचे, गाण्याच्या तालावर उडणारे कारंजेही झाले होते.

आजचा व्हिडिओ रात्रीच्या करमणुकीचा होता. एका पडक्या इमारतीच्या अंगणात रंगीत दिवे टांगलेले होते. ऊन अजून उतरायचे होते आणि खुर्च्या बहुतेक रिकाम्या होत्या.

"इथं पोरं-पोरी पहाटेपर्यंत नाचतेत," रुबीनाचा आवाज सांगत होता. "पण लवकर आलं तर गर्दी नसती. लिंबू सरबत मिळतं. तीन पायऱ्या हायेत, धरायला कठडा हाय." मग ती भिंतीलगतच्या बाकड्यावर बसली.

शेजारच्या गॅरेजमधून हात पुसत आलेला तिचा भाऊ शहेबाज हसला. "नाचायच्या जागी जाऊन सरबत पिती. अब्बू, तुमची लेक तिथं म्हातारी झाली."

हाफिजा हसली नाही. "चालती बी म्हातारीवानी. इथं कॉलेजला पळत जायची. आन रोज बाकडं. सांजच्याला बाकड्यावर कोन बसतं? ज्याच्या दारात खाट टाकाया जागा न्हाई, ते."

या तर्कात एक त्रुटी होती. आष्टीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे आपापल्या दारात बसतात. म्हणून बाकड्यावर दिसणारा माणूस एकतर परका असतो किंवा त्याची एसटी चुकलेली असते. हा नियम दुसऱ्या शहराला लागू होतोच असे नाही. गाड्यापाशी ते कोणाच्या लक्षात आले नाही.

"तिला तिथं कोनी न्हाई," हाफिजा म्हणाली. "आजारी बी असंल. सांगत नसंल. बोलवून घ्या तिला."

"अम्मी, लई चांगली नोकरी हाय तिची."

"नोकरी सांजच्याला दारात येऊन बसती का तिच्यासंगं?"

चाँदभाई एकच खरबूज बराच वेळ पुसत राहिले. ईदला रुबीनाने त्यांना तिकडे बोलावले होते. गाडा कोण बघेल, असे म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

"नमाजहून येतो," ते म्हणाले. "मग फोन लावतो. सामान बांध म्हनतो."

मशीद फार लांब नव्हती. निर्णयाआधी एकदा नीट पाहावे म्हणून त्यांनी वाटेत नदीकाठचा व्हिडिओ लावला. तिची पावले आणि त्यांची पावले एकाच वेळी निघाली. रसवंतीपाशी त्यांचा डावा गुडघा रोजच्यासारखा आखडला आणि ते तिथल्या बाकड्यावर टेकले. मोबाइलमध्ये रुबीना बसली.

ते उठले, तेव्हा ती नुकतीच उठली होती. सलूनच्या पायरीवर त्यांना दुसऱ्यांदा बसावे लागले. तिलाही बाकडे सापडले.

एकदा घडलेल्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही. परतताना चाँदभाईंनी बेटाचा व्हिडिओ लावला. सलूनची पायरी आली, ती बसली. रसवंती आली, ती पुन्हा बसली. तिच्या मागे कारंजे उडत होते.

"मोबाइलात बघून बसायला लागला का बे?" रसवंतीवाल्या मुंजाजीने विचारले. दोघे शाळेत एका वर्गात होते.

"पोरगी हाय. ती बसली की मी बसतो."

"का तू बसला की ती?"

व्हिडिओ संपला तरी चाँदभाई बसून राहिले.

गाड्यापाशी हाफिजा वाट पाहत होती. त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ऑफिसात हाय, अब्बू. सगळं बरं ना?"

"बरं हाय. ते कारंज्याचं बेट. तिथं ट्रामनं जातेत ना?"

"हो."

"चढायला पायरी हाय का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"न्हाई, अब्बू. जमिनीच्या बरोबरीनं हाय. मी बघितलंय."

"मग पासपोर्टचं बघतो," चाँदभाई म्हणाले. "आन तुझ्या अम्मीचा बी."

"गाडा कोन बघंल?" रुबीनाने विचारले.

"शहेबाज बघंल. लई हसाया येतं त्याला."

फोन ठेवल्यावर हाफिजाने विचारले, "सामान बांध म्हननार होता ना तुमी?"

"आपलं बांधू," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला कारण सांगितले.

रुबीना डिसेंबरात घरी आली होती, तेव्हा ती रोज वडिलांना मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला जात असे. वाटभर मोबाइलकडेच बघते म्हणून ते तिच्यावर रागावलेही होते. मोबाइलमध्ये घड्याळ चालू होते. एकदा बसून उठल्यावर पुन्हा बसावे लागेपर्यंत अब्बूंना किती चालता येते, ते ती मोजत होती.