कललेला पडाव

सुनेनं आग्रह केला म्हणून भिकाजी मेस्त्री वाशिष्ठीच्या धक्क्यावर छत्रीखाली येऊन बसले होते. पाऊस रिपरिपत होता आणि जुन्या बोटींची मिरवणूक समोरून संथ सरकत होती. मेस्त्रींचं लक्ष नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच पडाव, मालवाहू लाकडी होडी, स्वतः बांधला होता आणि तो कधीच चुलीत गेला, असं त्यांच्या कानावर होतं.

"आबा, तो कलंडतोय बघा," सून घाबरून म्हणाली.

पताका लावलेला एक पडाव डावीकडे झुकून येत होता. गर्दीत खसखस पिकली. मेस्त्री मात्र ताडकन उठले. साग कमी पडला म्हणून आपल्या पडावाच्या डाव्या अंगाला त्यांनी ऐनाचं जड लाकूड लावलं होतं आणि पहिल्याच दिवशी तो असाच कलला होता. चूक झाकायला त्यांनी नदीतला एक धोंडा आणून उजवीकडे ठेवला होता.

भिजत ते धक्क्याच्या टोकाशी गेले. "बुडत नाय तो. आत एक धोंडा होता, तो खंय गेला?"

पडाव हाकणाऱ्या तांडेलानं पुढच्या टोकाला, नाळेकडे बोट दाखवलं. तिथे शेंदूर फासलेला, जास्वंदीची माळ घातलेला तोच धोंडा होता. "धोंडा काय म्हणता, आजोबा? पडावाचा देव आहे तो. आज मिरवणूक म्हणून पुढे बसवलाय."

मेस्त्रींनी आधी हात जोडले. मग त्यांना हसू आवरेना.

"देवाला म्हणावं, जरा उजवीकडे सरक."