मऊ माती

शिपायानं फावडं मऊ मातीत घातलं आणि रोझाली झटकन पुढे सरकली.

घरामागच्या अलुबुखाराच्या झाडाखाली तिनं परवाच एक कबर रचली होती. लहान मुलाएवढी लांब, डोक्याशी खाटेच्या फळ्यांचा क्रूस. आत गवतात गुंडाळलेलं एक पोतं होतं, पुढच्या पेरणीच्या बटाट्यांचं. प्रशियाच्या फौजेनं उन्हाळाभर बोहेमियाची शेतं उकरून खाल्ली होती आणि आता परतताना ती उरलंसुरलं साफ करत होती. हे पोतं गेलं, तर पुढचं वर्ष काही रोझाली आणि तिची मुलगी बघत नव्हत्या.

पण हे तिघे शिपाई खायला आले नव्हते. घोंगडीत गुंडाळून त्यांनी एक प्रेत आणलं होतं.

"हगवणीनं गेला," त्यांचा नाईक, ग्रेगोर, म्हणाला. तो सीमेपलीकडचाच, त्याची बोली रोझालीला कळत होती. "बाकी सगळा दगड आहे, बाई, आणि आमच्या अंगात त्राण नाही. तुमच्या लेकराच्या वरच ठेवतो याला. दोन वीत खणलं की भागेल. दोघांना सोबत होईल."

दोन वीत खणलं की पोतं लागलं असतं.

रोझालीनं मातीवर अंग टाकलं. "माझ्या पोरीला हात लावायचा नाही! शेत नेलंत, गाय नेलीत, आता हिलाही उकरता? लाज वाटू द्या रे थोडी!"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. रडणं बटाट्यांसाठी होतं, पण खरं होतं. शिपाई ओशाळले. कुंपणाजवळच्या दगडांत, धापा टाकत, त्यांनी कसाबसा खड्डा केला आणि त्या तरण्याताठ्या पोराला आत ठेवलं.

"कशासाठी चाललीय ही लढाई, दादा?" रोझालीनं विचारलं.

"बव्हेरियाचा राजा बिनवारस मेला. आमचा राजा म्हणतो, ती गादी तुमच्या राणीच्या लेकाला मिळता कामा नये." ग्रेगोर कसनुसा हसला. "खोटं कशाला सांगू, मी अजून एक गोळी झाडलेली नाही. बटाटे तेवढे खणले."

"त्या मेलेल्या राजाला मूल झालं नाही, म्हणून आमची मारायची?"

ग्रेगोरनं टोपी काढली. "दोघांची प्रार्थना एकदमच म्हणतो. नाव काय होतं हिचं?"

रोझालीनं सगळ्याचा विचार केला होता. लांबीचा, क्रूसाचा, वर ठेवायच्या सुकल्या फुलांचासुद्धा. नावाचा तेवढा राहिला. तोंडात जे एकच नाव होतं, तेच बाहेर पडलं.

"अपोलेना."

तिनं जीभ चावली, पण उशीर झाला होता. ग्रेगोरनं डोळे मिटले. "देवा, या पोराच्या आणि अपोलेनाच्या आत्म्याला शांती दे." धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावा, असं रोझालीला वाटलं. तिचा पाय मात्र हलला नाही.

मागचं दार करकरलं. नाव ऐकून सहा वर्षांची अपोलेना बाहेर आली आणि आईला चिकटून उभी राहिली. पोत्याभोवतीचं गवत तिनंच ओंजळीनं आणून दिलं होतं. सगळ्यांनी हात जोडलेले पाहून तिनंही जोडले.

प्रार्थना संपली. ग्रेगोरनं डोळे पुसले, खिशातून पावाचा वाळका तुकडा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"तू धाकटी वाटतं? घे, बाळ. तुझं नाव काय गं?"

पोरीनं आईकडे पाहिलं, मग क्रूसाकडे, मग पावाकडे.

"मला नाव नाहीये," ती म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला.